योग्य साचा

खजुरी येथील आमच्या जुन्या घराचे माळवद उतरवले, तेव्हा माजघराच्या भिंतीतील एका बुजवलेल्या कोनाड्यातून गोणपाटाची पुरचुंडी निघाली. आत दोन वस्तू होत्या. एक सांडशीच्या आकाराचा, दोन पाळ्यांचा लोखंडी साचा. मिटला की त्याच्या तोंडाशी बोराएवढी वाटोळी पोकळी राही. ठासणीच्या बंदुकीची गोळी ओतण्याचा हा साचा, हे घरातल्या थोरांनी पाहताक्षणी ओळखले. दुसरी वस्तू म्हणजे शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचा तळहाताएवढा तुकडा. त्याची एक बाजू घासून सपाट केलेली होती, आणि त्या सपाटीवर करंगळीच्या पेराएवढा एक लांबट खोलगा कोरलेला होता. खोलग्याचे एक टोक बोटाच्या अग्रासारखे गोलसर होते. हाही साचाच, पण अर्धा. त्याची जोडपाळी पुरचुंडीत नव्हती.

“हे त्या पिस्तुलाचं,” आत्या म्हणाली. “पण आबांनी तर नाही म्हणून सांगितलं होतं.”

त्या नकाराची हकीकत आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. १९४८ च्या उन्हाळ्यात हद्दीपलीकडून एक ओळखीचा तरुण रात्री आला. त्याच्यापाशी आपोआप भरणारे एक परदेशी पिस्तूल होते आणि काडतुसे संपत आली होती. आजोबांचा हात धातुकामात चांगला चाले. गावच्या गस्तीच्या बंदुकांना लागणाऱ्या गोळ्या तेच ओतून देत. या पिस्तुलाला योग्य असा साचा करून द्या, अशी त्याने विनंती केली. आबांनी पिस्तूल उलटसुलट करून पाहिले, काडतूस चिमटीत धरून दोऱ्याने मापले, आणि ते परत करीत म्हणाले, “हे माझ्या हातून व्हायचं नाही.”

या एका वाक्याचे दोन अर्थ घरात चालत आले. चुलत्यांच्या मते तो धर्मनिर्णय होता: असल्या हत्याराला मी हातभार लावणार नाही. आत्याच्या मते ती कारागिराची कबुली होती. शिशाचा तुकडा ओतता येईल, पण पितळी पुंगळी, तिच्या बुडाची स्फोटक टोपी आणि धूर न करणारी दारू खजुरीत कोठून आणायची? आपल्या भाषेत ‘होणार नाही’ हे शब्द ‘जमणार नाही’ आणि ‘करणार नाही’ या दोहोंना सारखेच पुरतात. आजवर मी चुलत्यांच्या बाजूचा होतो. अर्धा कोरलेला दगड हाती आला आणि ती खात्री डळमळली. नकार देणाऱ्या माणसाने अर्धे काम का करावे?

त्या दिवसांचे स्मरण वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल, तरी थोडे सांगणे भाग आहे. आज हद्द म्हटले की आळंद तालुक्याच्या काठाशी लागून असलेली महाराष्ट्राची हद्द डोळ्यांपुढे येते. १९४८ साली ती नव्हती. गुलबर्गा, बीदर आणि उस्मानाबाद हे तिन्ही जिल्हे निजामाच्याच राज्यात होते, आणि ‘हद्दीपलीकडे’ म्हणजे सोलापूरच्या बाजूला, जेथे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे तळ पडले होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. सत्याग्रहाची प्रतिज्ञा केलेल्या चळवळीच्या काठावर शस्त्रे जमू लागली होती. इकडे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांचे जथे गावोगाव फिरत होते. मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी दोनशेच्या आसपास माणसे मारली गेल्याचे सांगतात. ती वार्ता चोहोकडच्या गावांत पसरली, त्यानंतर कोणत्या घरात कोणी झोपले असेल? अशा उन्हाळ्यात दाराशी आलेल्या तरुणाला ‘नाही’ म्हणणे ही काही उंच आसनावरून केलेली गोष्ट नव्हती. ज्याच्यापाशी गोळी नव्हती असाही माणूस गोरट्यात मेला. नकाराचेही बळी असतात, हे शस्त्रत्यागाच्या चर्चेत आपण फार लवकर विसरतो.

आता त्या दोन साच्यांकडे वळतो, कारण माझा विचार त्यांच्यातल्या फरकावरूनच सुरू झाला. ठासणीची बंदूक मोठी सोशिक. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि गोळी घालून गजाने ठासायचे. गोळी नळीपेक्षा अंमळ लहान निघाली तरी चिंधी ती कसर भरून काढी, आणि गोळी नसलीच तर छर्रे, खिळ्यांचे तुकडे, प्रसंगी खडेही चालत. तिच्या साच्याची निवड म्हणजे निवडच नव्हे. पोकळी वाटोळी असली आणि पाळ्या नीट मिटल्या की झाले.

आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचे तसे नाही. (लोक त्याला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, वस्तुतः चाप दर वेळी ओढावाच लागतो, फक्त पुढचे काडतूस आपले आपण नळीत येते.) गोळी उडाल्याच्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि परतताना मुठीतल्या खोक्यातून नवे काडतूस उचलून नळीत ढकलतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. त्यामुळे गोळीवरच्या अटी वाढतात. तिचे टोक लहानशा चढावरून न अडखळता नळीत शिरले पाहिजे. म्हणून ते गोलसर बरे, चपटे असल्यास अडण्याचा संभव. लांबी वाढली तर काडतूस खोक्यात मावत नाही. वजनाचा आणि दारूचा मेळ चुकला तर सरकता भाग पुरता मागे जात नाही आणि यंत्र मध्येच अडकते. जाडी अशी हवी की नळीतल्या आट्यांनी तिला घट्ट धरावे. नुसते मऊ शिसे आट्यांत चिकटून बसते, म्हणून कारखाने गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवतात, आणि घरी ओतणारे शिशात कथील व अँटिमनी मिसळून ते कठीण करतात.

होय, घरी ओतणारे. अमेरिकेत हा नेमबाजांचा जुना आणि कायदेशीर छंद आहे. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे त्याला भट्टी नको, साधी शेगडी पुरते. साचा थंड असला तर पहिल्या काही गोळ्यांवर सुरकुत्या पडतात. जाणकार त्या गोळ्या निमूटपणे पुन्हा कढईत टाकतो, साचा तापू देतो, निघालेली प्रत्येक गोळी तागडीत घालतो, आणि कडेला किंचित उणीव दिसली तरी ती बाद करतो. साचा लोखंडाचा, पितळेचा की ॲल्युमिनियमचा, दोन पोकळ्यांचा की सहा, या निवडीसाठी तो महिने घालवतो. या मंडळींची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या कामात चिकाटी आहे, स्वतःची चूक लपवू न देणारा प्रामाणिकपणा आहे, घाईचा तिटकारा आहे. हे गुण आपण मुलांना शिकवू पाहतो.

नेमके हेच मला अस्वस्थ करते. ‘या पिस्तुलाला कोणता साचा योग्य?’ या प्रश्नातला ‘योग्य’ हा शब्द पाहा. चपलेला पाय योग्य, कुलपाला किल्ली योग्य, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ जुळणारा. ‘तू केलेस ते योग्य केलेस’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ धर्म्य. एकाच शब्दात दोन प्रश्न राहतात, आणि पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाल्याचा भास होतो. हा शब्दच्छल नव्हे. माणसाच्या सदसद्विवेकाला काहीतरी काम लागते. मोजमाप, तपासणी, पुन्हापुन्हा खात्री करून घेणे ही कामे त्याला मिळाली की तो तृप्त होतो. आपण फार विचारपूर्वक वागलो, असे त्या माणसाला मनापासून वाटते. आणि तो विचार करीत होता हे खरेही असते. फक्त तो विचार जुळण्याचा होता.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासातच आहे, आणि त्याच वर्षाच्या आरंभीचे. गांधींच्या हत्येच्या खटल्यात आलेल्या साक्षींनुसार, २० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत कट करणाऱ्यांनी आपल्यापाशी असलेली दोन रिव्हॉल्व्हरे हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत तपासून पाहिली. एकाचा गोळ्यांचा फिरता भाग नीट चालेना, दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोचलीच नाही. दुपारपर्यंत एक जण हॉटेलच्या खोलीत बसून हत्यार दुरुस्त करीत होता. त्या दिवशीचा प्रयत्न फसला. पुढचे आठ दिवस नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाच्या हत्याराच्या शोधात होते. अखेर २८ जानेवारीस ग्वाल्हेरला त्यांना इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल मिळाले, आपोआप भरणारे. ३० जानेवारीच्या सायंकाळी त्यातून तीन गोळ्या सुटल्या. पहिलीपासून तिसरीपर्यंत किती वेळ गेला असेल? पिस्तुलाने तो वेळ जवळपास शून्यावर आणला होता. पण त्याआधीचे दहा दिवस होते. मुंबई, दिल्ली, ग्वाल्हेर, पुन्हा दिल्ली, असे आगगाडीचे आणि विमानाचे प्रवास होते, रात्री होत्या. त्या साऱ्या वेळात जी काळजी वाहिली गेली ती हत्यार चालेल की नाही याची.

ठासणीच्या बंदुकीत दोन बारांच्या मध्ये अर्धा-पाऊण मिनिट तरी जाई. दारू ओतताना, गज फिरवताना समोर पडलेला माणूस दिसत राही. दुसरा बार हा दुसरा निर्णय असे. पिस्तुलाने हा मधला अवकाश काढून टाकला. म्हणून, मला असे वाटू लागले की, निर्णयाची जागाच मागे सरकली. ती चापापाशी राहिली नाही. साच्यापाशी, मापाच्या दोऱ्यापाशी, ‘कोणते जुळेल’ या प्रश्नापाशी येऊन बसली. जो साचा निवडतो त्यालाच विचार करण्याइतका वेळ आहे, आणि तोच वेळ साच्याच्या बारकाव्यांत खर्ची पडतो.

कायद्याने हे आपल्या परीने ओळखले आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्रकायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो तयार करण्याची यंत्रसामग्री धरली आहे. गोळी ओतली जाण्याआधीच कायदा दाराशी उभा राहतो. इंग्रजांच्या न्यायालयानेही तेच केले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या अठराएक वर्षांच्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रयोग ‘संगीत शारदा’चा होता. पिस्तूल ब्राउनिंगचे होते. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, आणि त्या संध्याकाळी नाशकापासून हजारो मैल दूर असलेल्या सावरकरांना १९११ च्या जानेवारीत या प्रकरणी जन्मठेपेची दुसरी शिक्षा झाली. परक्या सत्तेच्या न्यायासनाबद्दल मला प्रेम नाही, आणि कान्हेऱ्यांचे नाव घेताना आमच्या घरात आजही आवाज बदलतो. तरीही ज्याने पिस्तूल निवडले तो घटनेच्या आत आहे, एवढे त्या निकालातले गृहीत मला नाकारता येत नाही. खुद्द सावरकरांचा गौरव करणारेही वीस पिस्तुलांचा उल्लेख गौरवानेच करतात. म्हणजे तेही निवडणाऱ्याला घटनेच्या आतच धरतात.

जॅक्सन यांचे आणखी एक सांगितले पाहिजे. कोकण आणि गुजरात येथील लोकसमजुतींची जी टिपणे त्यांनी गोळा केली होती, ती एन्थोवेन यांनी संपादून १९१४-१५ च्या सुमारास प्रसिद्ध केली. आपल्या आज्या-पणज्या कोणत्या झाडाला का भीत, हे त्या पुस्तकांत सापडते. बाबाराव सावरकरांवर खटला भरण्यात हेच गृहस्थ होते. पिस्तुलाला यातले काहीच विचारायचे नव्हते, हे ठीक. पण पिस्तूल चालवणाऱ्याजवळही विचारण्यास क्षण उरला नव्हता.

गोळीच्या आकाराचा नैतिक विचार जगाने कधी केलाच नाही, असे मात्र नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती फुलून मोठी जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरण्यास मनाई केली. टोक कसे असावे यावर राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी गंभीरपणे वाद घातले, आणि मनाई झाली ती फुलणाऱ्या टोकाला. न फुलणारी गोळी ‘योग्य’ ठरली. पंधरा वर्षांनी युरोपात त्या योग्य गोळ्यांनी काय केले ते सर्वश्रुत आहे.

साधनशुचितेची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. साध्य शुद्ध असेल तर साधन कसेही चालेल काय, हा तिचा ठरलेला प्रश्न. साधनाला स्वतःची एक निराळी शुचिता असते, तिकडे त्या चर्चेचे फारसे लक्ष गेले नाही. स्वच्छ साचा, निर्दोष ओतकाम, नेमके माप. ही शुचिता खोटी नाही. तिच्यात रमलेला माणूस दुष्टही नसतो. म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलणे अवघड.

येथवर विचार आणून मी आबांच्या अर्ध्या दगडाकडे परत आलो, आणि मला चित्र स्पष्ट दिसू लागले. तरुणाला ‘व्हायचं नाही’ म्हणून सांगितल्यावर आबांना झोप लागली नसावी. नकार देऊन झाला, पण माप डोक्यात राहिले. कारागिराच्या बोटांना न सुटलेले कोडे सहन होत नाही. त्यांनी दगड घासला, कोरला, टोक गोल केले, आणि अर्ध्यावर केव्हातरी थांबले. जुळण्याच्या प्रश्नात रमलेल्या माणसाला दुसरा प्रश्न आठवला, आणि त्याने छिन्नी खाली ठेवली. निबंध येथे संपवावा, असे मनात होते. चुलत्यांचे म्हणणेही खरे ठरत होते आणि दगडाचाही उलगडा होत होता.

परंतु लेख लिहिण्यासाठी दोन्ही वस्तू टेबलावर मांडल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली, जी पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. दगडातला खोलगा कोरा आहे. त्यात शिसे कधी पडलेच नाही. लोखंडी साच्याच्या पाळ्या मात्र आतून गुळगुळीत झाल्या आहेत, आणि ज्या भोकातून शिसे ओतत त्याच्या कडा झिजल्या आहेत. तो साचा पुष्कळ वापरलेला आहे. ज्या साच्याने एकही गोळी दिली नाही त्याच्यावर आमच्या घराने पाऊणशे वर्षे वाद घातला, आणि ज्याने शेकडो दिल्या असतील त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. कारण त्या गोळ्या गस्तीच्या होत्या. त्या योग्य होत्या.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेस निजामाने शरणागती दिली, आणि रझाकारांचे भय संपले. पुढे काय झाले ते आपल्या सभांतून सहसा बोलले जात नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींच्या समितीने त्या हिवाळ्यात दौरा केला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून तिने चार नावे दिली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मारले गेलेले मुसलमान होते. बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. तो झाला असता, तरी आमच्या घरात कोणी वाचला असता की नाही, सांगवत नाही.

ठासणीची बंदूक विचाराला अवकाश देते, असे मी वर लिहिले आहे. ते खोडत नाही, पण त्यावर आता माझा पूर्वीइतका भरवसा नाही. त्या हिवाळ्यात आमच्या चार जिल्ह्यांत अवकाश भरपूर होता. शेजाऱ्याचे दार ठोठावण्याआधी गल्ली ओलांडावी लागते. ज्या गोळ्या मे महिन्यात माळवदावर जागणाऱ्यांसाठी ओतल्या, त्यातल्या उरलेल्या सप्टेंबरात कोणाच्या बटव्यात होत्या? साचा ज्या हेतूने मिटला तो हेतू शिशात उतरत नाही. उतरते ती फक्त पोकळी.

आत्या आता पंचाऐंशीच्या पुढे आहे. तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. मी लोखंडी साचा तिच्या हातात दिला आणि विचारले, की गस्त मोडल्यावर उरलेल्या गोळ्यांचे आबांनी काय केले. तिने पाळ्या दोनदा उघडल्या, मिटल्या.

“आबा गोळ्या मोजून देत,” ती म्हणाली. “दिव्याजवळ बसून, एकेक. मला पाढे तिथंच आले बघ.”

“आणि परत घेताना?”

ती बराच वेळ साच्याकडे पाहत राहिली. “परत घेताना मी नव्हते रे,” ती म्हणाली, आणि साचा गोणपाटात गुंडाळून तिने माझ्याकडे दिला.